जुना डेस्कटॉप सुरू होत नाही? आधी तो कुठे अडतो ते शोधा

जुना डेस्कटॉप सुरू झाला नाही की बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. आधी बटण आठ-दहा वेळा दाबले जाते, मग कॅबिनेटला दोन थापा बसतात, मग कोणीतरी ‘एसएमपीएस गेला’ (म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणारा डबा गेला) असे ठामपणे सांगतो. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून नवा एसएमपीएस आणून बसवला तरी पडदा काळाच राहतो. त्यानंतर रॅम बदलली जाते आणि शेवटी फॉरमॅटची भाषा सुरू होते. वास्तविक ज्या संगणकाच्या पडद्यावर अक्षरच उमटत नाही, त्याच्या विंडोजचा प्रश्न अजून आलेलाच नसतो. चूक सुटे भाग निवडण्यात कमी आणि क्रमात अधिक होते. त्यामुळे टप्पा १ मध्ये आपल्या संगणकासाठी जे टप्पे ठरतील ते क्रमानेच घ्यावेत, त्यांतला एकही गाळू नये आणि एका वेळी एकच बदल करून निकाल पाहावा. दोन बदल एकदम केल्यास संगणक सुरू झाला तरी दोष कशात होता ते कळत नाही, आणि तोच दोष महिन्याभराने परत आला की तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

## पूर्वतयारी

चांगल्या पकडीचा फुली पेचकस, साधा डिजिटल मल्टिमीटर, मऊ रंगकामाचा ब्रश, पांढरा खोडरबर, सीआर २०३२ क्रमांकाचे नवे नाण्यासारखे सेल, सुती कापड आणि फोटो काढता येईल असा फोन एवढे साहित्य सुरुवातीला पुरते. मदरबोर्डला (सर्व भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डला) लागणारा छोटा बझर काही रुपयांत मिळतो, तो अवश्य आणावा, कारण पडदा काळा असताना संगणक आपल्याशी बोलू शकतो तो या बझरमधूनच. जुन्या ब्रँडेड कॅबिनेटमध्ये तो आधीच बसवलेला असतो, जोडून दिलेल्या स्थानिक संगणकांत बहुधा नसतो.

काम लाकडी टेबलावर, सतरंजी किंवा सिंथेटिक चादर न अंथरता करावे. नागपूरच्या एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युतभार सहज साचतो आणि त्याची आपल्याला जाणवणारही नाही एवढी ठिणगी रॅमच्या चिपला पुरते. प्रत्येक भागाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला बोट टेकवण्याची सवय ठेवावी. कुलरच्या झोतासमोर मात्र काम करू नये. उकाडा कितीही असो, उघड्या मदरबोर्डवर दमट हवा आणि तुषार नकोत.

सावधान: एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा त्याच्या आत एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत साठवला जातो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तेथेच राहतो.

## टप्पा १: संगणक नेमका कोठे अडतो ते ठरवणे

बटण एकदाच दाबावे आणि अर्धा मिनिट फक्त पाहावे, ऐकावे. चारपैकी एक अवस्था दिसेल. काहीच होत नाही, म्हणजे दिवा नाही आणि पंखाही नाही, तर टप्पा २ ते ४ पाहावेत. पंखे फिरतात पण पडदा काळा राहतो, तर टप्पा ३ आणि ५. पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात पण विंडोज येत नाही, तर थेट टप्पा ६. सुरू होऊन काही मिनिटांत आपोआप बंद पडतो, तर टप्पा ३ आणि ७.

पंखे एखादा क्षण फिरून थांबत असतील तर ती अवस्था ‘काहीच होत नाही’ यापेक्षा वेगळी आहे. एसएमपीएसने सुरू होण्याचा प्रयत्न केला आणि कोठेतरी शॉर्ट सापडल्यामुळे स्वतःला थांबवले, असा तिचा बहुधा अर्थ असतो. तिचा विचार टप्पा ४ च्या शेवटी आहे.

तपासणी: मागे-पुढे लावलेले पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम सर्व काढून पुन्हा एकदा बटण दाबावे. समोरच्या यूएसबी पोर्टमधील वाकलेली पिन ५ व्होल्टचा शॉर्ट करते, तेवढ्यानेही संगणक सुरू होत नाही. पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहणे कंटाळवाणे वाटते, म्हणूनच ते राहून जाते.

## टप्पा २: भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

या टप्प्यावर कोणी वेळ घालवत नाही. यूपीएस बाजूला काढावा आणि संगणकाची केबल थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये लावावी. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, ती उन्हाळ्यात लवकर थकते, आणि बॅटरी पूर्ण मेली की काही यूपीएस वीज असूनही सुरूच होत नाहीत. त्या यूपीएसपुढे जोडलेला संगणक मग विनाकारण बदनाम होतो. एक्स्टेंशन बोर्डही मधे ठेवू नये.

भिंतीच्या सॉकेटवर मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टच्या मापावर ठेवून फेज आणि न्यूट्रलमधील विद्युतदाब (व्होल्टेज) पाहावा. तो २३० च्या आसपास असावा. मेमधल्या संध्याकाळी वस्तीतील कुलर आणि एसी एकाच वेळी चालू असताना तो बराच खाली गेलेला आढळला, तर सकाळी पुन्हा मोजावा, कारण सकाळी सुरू होणारा आणि संध्याकाळी न होणारा संगणक नादुरुस्त असेलच असे नाही. न्यूट्रल आणि अर्थिंगमधील दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. तो खूप जास्त असेल, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर संगणक बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावे.

कॅबिनेटच्या मागे जेथे केबल शिरते तेथे दोन गोष्टी पाहाव्यात. एसएमपीएसचा छोटा काळा स्विच उभ्या रेघेच्या (I) बाजूला दाबलेला असावा. साफसफाई करताना तो हमखास बंद होतो. खूप जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल सरकता स्विच असतो, तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपल्याकडे वीज दिली की आवाज होऊन एसएमपीएस जातो, त्यामुळे ‘सरकवून बघू’ हा प्रयोग नको.

शेवटी प्लग काढावा आणि पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे. आतील उरलेला भार निघून जातो आणि अडकून बसलेला मदरबोर्ड कधी कधी एवढ्यानेच सुरू होतो.

## टप्पा ३: कॅबिनेट उघडणे आणि धूळ काढणे

प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करून बाजूचे झाकण काढावे. एकही वायर हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. समोरच्या बटणांच्या बारीक वायरी मदरबोर्डवर कोणत्या पिनांना लागल्या आहेत, याचा जवळून एक फोटो वेगळा घ्यावा. जोडणी परत करताना डोके खाजवण्याची वेळ येते ती याच ठिकाणी.

धूळ अंगणात किंवा गॅलरीत, कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ती मोकळी फिरू दिली तर बेअरिंग खराब होते. प्रोसेसरवरील हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, तो पंखा वर उचलल्याशिवाय दिसत नाही. गावाकडच्या किंवा गोदामाला लागून असलेल्या कार्यालयातल्या कॅबिनेटमध्ये उंदराचे घरटे, पाल किंवा मुंग्या निघणे मुळीच दुर्मीळ नाही. कुरतडलेली वायर दिसली तर पुढचा तपास थांबवून आधी ती बदलावी.

आता मदरबोर्डवरील कपॅसिटर, म्हणजे प्रोसेसरभोवती उभे असलेले छोटे गोल डबे, बारकाईने पाहावेत. त्यांचा वरचा माथा सपाट असायला हवा. माथा फुगलेला किंवा तपकिरी द्रव बाहेर आलेला असेल तर दोष बव्हंशी सापडला आहे. २००० ते २००७ या काळातील अनेक मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर वापरले गेले होते. ते बदलणारा कारागीर मिळाला तर बोर्ड वाचतो, मात्र घरच्या सोल्डरिंग गनने बोर्डवरील तांब्याच्या रेषा उखडण्याचीच शक्यता अधिक असते.

तपासणी: सर्व जोडण्या आहेत तशाच दाबून घट्ट कराव्यात. मोठा २० किंवा २४ पिनांचा प्लग आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा चौकोनी प्लग, दोन्हींची खाच अडकल्याचा ‘टक’ आवाज यायला हवा.

## टप्पा ४: एसएमपीएस आणि पॉवर बटण

या टप्प्यात मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. काळी दांडी कॅबिनेटच्या धातूला लावावी आणि तांबडी दांडी मोठ्या प्लगच्या मागच्या बाजूने, वायर जेथे प्लगमध्ये शिरते तेथून आत घालावी. प्लग मदरबोर्डमध्ये बसलेलाच राहू द्यावा.

पहिले मोजमाप जांभळ्या वायरचे. संगणक बंद असतानाही, केवळ भिंतीवरचा स्विच चालू असला की, येथे ५ व्होल्ट हवेत. ४.७५ ते ५.२५ एवढी मर्यादा मान्य आहे. येथे शून्य आले तर मोठा प्लग मदरबोर्डपासून सोडवून पुन्हा मोजावे. तरीही शून्य असेल तर एसएमपीएस गेला, आणि आता तो बदलण्यास आधार आहे. सोडवल्यावर ५ व्होल्ट आले तर मदरबोर्डवर किंवा यूएसबीच्या वायरीत शॉर्ट आहे, नवा एसएमपीएस आणून उपयोग नाही.

दुसरे मोजमाप हिरव्या वायरचे. बंद अवस्थेत येथे दोन ते पाच व्होल्टच्या दरम्यान दाब असतो आणि पॉवर बटण दाबल्यावर तो जवळजवळ शून्यावर यायला हवा. मदरबोर्ड एसएमपीएसला ‘सुरू हो’ असे याच वायरने सांगतो. बटण दाबूनही हिरव्या वायरचा दाब खाली आला नाही तर दोष बटणात किंवा मदरबोर्डात आहे. दाब खाली येऊनही पंखे हलत नसतील तर एसएमपीएस किंवा शॉर्ट यांपैकी एक.

बटण दोषी आहे का ते लगेच कळते. समोरून येणारी पॉवर स्विचची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून काढावी आणि त्या दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवावे. संगणक सुरू झाला तर बटण गेले. रीसेटचे बटण चांगले असेल तर त्याची वायर त्या पिनांवर लावून काम भागते, नवीन कॅबिनेट घेण्याची गरज नाही.

संगणक सुरू राहत असेल तर पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास गेला की सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्यावरच सुरू होणारा आणि दुपारी निमूट चालणारा संगणक बहुधा एसएमपीएसमधील थकलेल्या कपॅसिटरची तक्रार सांगत असतो.

हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असे त्यातून सिद्ध होत नाही, कारण दोष पुष्कळदा भार पडल्यावरच दिसतो. काही ब्रँडेड छोट्या संगणकांचे प्लग आणि रंग वेगळे असतात, तेथे तर ही युक्ती करूच नये.

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील तर प्लग काढून हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, समोरच्या यूएसबीची वायर आणि जादा कार्ड एकेक करून सोडवावीत आणि प्रत्येक वेळी बटण दाबून पाहावे. जे सोडवल्यावर संगणक चालू राहतो, तेथे शॉर्ट आहे.

## टप्पा ५: पंखे फिरतात, पडदा काळाच

आधी मॉनिटर निर्दोष ठरवावा. त्याची संगणकाकडे जाणारी केबल काढून केवळ वीज द्यावी. ‘नो सिग्नल’ किंवा तत्सम पाटी आली तर मॉनिटर जिवंत आहे. त्यानंतर केबल कोठे लावली आहे ते पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या संगणकात मदरबोर्डचा स्वतःचा व्हीजीए पोर्ट बहुधा बंद असतो. कार्ड काढून केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावल्यावर चित्र आले तर कार्ड दोषी.

आता बझर लावून कान द्यावा. बायोस म्हणजे संगणक सुरू होताच चालणारा, मदरबोर्डमध्येच असलेला प्रोग्राम. जुन्या अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड आवाज म्हणजे ग्राफिक्सची तक्रार, सतत येणारे लांब आवाज म्हणजे रॅमची. आवाजांचे अर्थ बायोसच्या कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक पाहून त्याच्याच पुस्तिकेतील तक्ता वापरावा.

तरीही उलगडा झाला नाही तर संगणक किमान अवस्थेत आणावा. मदरबोर्ड, पंख्यासह प्रोसेसर, एसएमपीएस, बझर एवढेच ठेवावे. रॅमदेखील पूर्ण काढावी आणि बटण दाबावे. बझर ओरडू लागला तर आनंदाची बातमी आहे, कारण प्रोसेसर आणि बायोस काम करत असल्याशिवाय रॅम नसल्याची तक्रार येऊ शकत नाही. बझर गप्प राहिला तर पुढे रॅम विकत घेण्यात अर्थ नाही, दोष मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा त्याच्या १२ व्होल्टच्या चौकोनी प्लगमध्ये आहे. साफसफाईनंतर हा चौकोनी प्लग लावायचा राहून जाणे ही सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे. तो नसतानाही सर्व पंखे झोकात फिरतात आणि माणूस दिवसभर रॅम पुसत बसतो.

बझर ओरडला असेल तर रॅमकडे वळावे. तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासाव्यात, चुरा कापडाने पुसावा आणि स्लॉट ब्रशने साफ करावा. कुलर असलेल्या खोल्यांत ओलसर हवा आणि बारीक धूळ यांचा थर या पट्ट्यांवर बसतो, त्यामुळे पावसाळा लागताना हा उपाय विशेष लागू पडतो. पॉलिश पेपर वापरू नये, सोन्याचा मुलामा निघून जातो. मग एकच रॅम पहिल्या स्लॉटमध्ये, दोन्ही कडेच्या खिट्ट्या आपोआप मिटतील एवढ्या जोराने बसवावी. प्रत्येक रॅम प्रत्येक स्लॉटमध्ये पालटून पाहावी, आणि दर वेळी प्लग काढावा.

सावधान: दुसऱ्या संगणकाची रॅम लावून पाहण्यापूर्वी तिचा प्रकार वाचावा. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या दोन्हींना २४० पट्ट्या असतात, पण एक १.८ व्होल्टवर चालते तर दुसरी १.५ वर, आणि खाचही वेगळ्या जागी असते. खाच जुळत नसताना जोर लावला तर रॅम आणि स्लॉट दोन्ही जातात.

रॅम निर्दोष ठरली आणि पडदा काळाच राहिला, तर प्लग काढून मदरबोर्डवरील सेल पाच मिनिटे बाहेर ठेवावा. त्याचा दाब मोजावा. २.७ व्होल्टच्या खाली असेल तर नवा बसवावा. काही मदरबोर्ड मेलेल्या सेलवर सुरूच होत नाहीत. प्रोसेसर काढून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. इंटेलच्या एलजीए प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात आणि त्यातील एक वाकली तरी बोर्ड कायमचा बाद होऊ शकतो.

## टप्पा ६: अक्षरे येतात, विंडोज येत नाही

येथपर्यंत पोहोचलेल्या संगणकाचे एसएमपीएस, रॅम आणि मदरबोर्ड बहुधा ठीक असतात. आधी विसरलेला पेन ड्राइव्ह काढावा. संगणक त्यावरून सुरू होण्याचा प्रयत्न करून संदेश देत थांबलेला असतो.

‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश आणि चुकीची तारीख दिसली तर सेल बदलून तारीख भरावी. मात्र सेल मेल्यावर बायोसच्या सर्व निवडी मूळ पदावर जातात आणि त्यात हार्ड डिस्कची साटा पद्धतही (मदरबोर्ड डिस्कशी ज्या पद्धतीने संवाद साधतो ती निवड) बदलू शकते. विंडोजची खूण क्षणभर दिसून निळा पडदा येतो, त्यावरील कोडच्या शेवटी ७बी असते, आणि संगणक पुन्हा सुरू होतो. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन साटा पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर, किंवा उलट, करून पाहावी. एवढ्याने सुटणाऱ्या दोषासाठी विंडोज नव्याने टाकलेली पुष्कळदा दिसते.

बायोसमध्ये हार्ड डिस्कचे नावच नसेल तर साटा केबल बदलावी, मग दुसरा पोर्ट, मग वीज देणारा दुसरा प्लग, याच क्रमाने. नाव दिसते पण ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ किंवा ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असा संदेश येतो, तर बायोसमध्ये बूटचा क्रम, म्हणजे संगणक आधी कोणत्या डिस्कवरून सुरू होणार तो क्रम, पाहावा. डिस्कमधून ठरावीक टकटक ऐकू येत असेल तर वीज ताबडतोब बंद करावी. ‘अजून एकदा’ म्हणून दिलेली प्रत्येक वीज उरलासुरला डेटा कमी करते.

सावधान: दुरुस्तीचा कोणताही प्रयोग डिस्कवर करण्याआधी डेटा उतरवून घ्यावा. डिस्क काढून साटा ते यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी, किंवा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. टंकलेखन आणि डीटीपीचे काम करणाऱ्यांनी कागदपत्रांबरोबर फॉन्टचे फोल्डरही उतरवावे. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांसारखा दिसतो.

## टप्पा ७: सुरू होतो आणि काही मिनिटांत बंद पडतो

बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटर नावाचे पान असते, ते उघडून तापमान पाहात बसावे. दोन-तीन मिनिटांत प्रोसेसर ८५ अंशांच्या पुढे गेला तर हीटसिंक नीट बसलेला नाही. ज्या हीटसिंकला चार प्लॅस्टिकच्या दाबखिळी असतात, त्यांपैकी एखादी उष्णतेने सैल होऊन वर आलेली असते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील, उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवावी आणि खिळी तिरप्या समोरासमोरच्या जोडीने दाबाव्यात. बाहेर ४५ अंश असताना कॅबिनेटचे झाकण काढून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने धूळ वाढते.

## टप्पा ८: दुकानात नेण्यापूर्वी

प्रश्न टप्पा ६ मधला नसेल तर हार्ड डिस्क काढून घरीच ठेवावी. दुकानदाराला ‘चालत नाही’ एवढेच न सांगता, जांभळ्या वायरवर किती व्होल्ट आले, रॅम काढल्यावर बझर वाजला की नाही, हे कागदावर लिहून द्यावे. बदललेला भाग परत मागावा.

मदरबोर्डच गेला असेल तर निर्णय घेण्यापूर्वी मागचा पोर्ट पाहावा. जुन्या लिपी-सॉफ्टवेअरचे लॉक (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण) प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला लावलेले असेल, तर बहुतेक नव्या संगणकांत तो पोर्टच नसतो. प्रिंटरसाठी मिळणाऱ्या यूएसबी ते पॅरलल केबलवर अशी लॉक सहसा चालत नाहीत. अशा वेळी त्याच काळातील, तोच प्रोसेसर आणि तीच रॅम घेणारा वापरलेला मदरबोर्ड शोधावा आणि पैसे देण्यापूर्वी तो आपल्याच प्रोसेसर-रॅमसह, आपले लॉक लावून, दुकानातच सुरू करून पाहावा.